प्रवेश मिळाला, आता रोजचं काय?

पारशिवनी तालुक्यातल्या शेतकरी घरात मुलाच्या किंवा मुलीच्या परदेशी शिक्षणाचा विषय निघाला, की कपाटातून पहिला कागद बाहेर येतो तो सातबारा. कपाशी, सोयाबीन, धान, कुठे संत्र्याची बाग. जमीन तारण ठेवू, कर्ज काढू, असा घरातल्या मोठ्यांचा हिशेब असतो. बँकेत गेल्यावर कळतं, की बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून घेतच नाहीत. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकून वसुली करण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मग गावातलं घर पुढे केलं जातं. त्या घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून तिथेही गाडी अडते. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका हातात आली असेल, तर बोलणी सोपी होतात.

त्यामुळे कागदांची तयारी वर्षभर आधी सुरू करावी. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढच्या रकमेला बिनशेती मालमत्ता, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असं काहीतरी द्यावं लागतं. नोकरीतला मामा किंवा काका सहकर्जदार व्हायला तयार असेल, तर त्याच्याशी मोकळेपणाने आणि आकडे समोर ठेवून आधीच बोलावं. प्रवेशपत्र आल्यानंतर घाईघाईत नात्यावर ओझं टाकू नये.

कागद जुळले, कर्ज किंवा शिष्यवृत्ती मंजूर झाली, व्हिसा आला, की घरच्यांना वाटतं गड सर झाला. पण तालुक्याच्या गावाहून गेलेल्या मुलांची खरी दमछाक त्यानंतर होते, आणि अभ्यास हे तिचं एकच कारण नसतं. खोली, जेवण, कामाचे तास, थंडी, घरच्यांशी बोलणं, या रोजच्या गोष्टी त्यांना थकवतात. यातलं बरंचसं पारशिवनीत राहून आधी शिकता येतं. एजंटच्या कार्यालयात ते कोणी शिकवत नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यातच बसवायचं होतं. १९२० मध्ये ते लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा तिथे गेले, तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज एवढीच शिदोरी होती. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसायचं, दुपारच्या जेवणाला फाटा द्यायचा, रात्री भूक लागली की ओळखीच्यांनी दिलेले पापड भाजून खायचे, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एखाद्या सुटीच्या दिवशी तिथे जरूर जावं. त्या घरातल्या कष्टांचा अभिमान बाळगावा, पण उपाशी राहण्याचं अनुकरण करू नये. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा असतात. आदिवासी विकास विभाग आणि इतर मागास बहुजन कल्याण विभाग यांच्या स्वतंत्र योजना आहेत. पेंचच्या जंगलाकडेच्या गावांतल्या गोंड कुटुंबांना तर आदिवासी विभागाच्या योजनेची माहिती अजून हवी तशी पोहोचलेली नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. त्यात शुल्काशिवाय राहण्या-जेवणासाठी वर्षाला अमेरिकेत १५,४०० डॉलर आणि इंग्लंडमध्ये ९,९०० पौंड मिळतात. अर्ज कसा लिहायचा, कोणता अभ्यासक्रम निवडायचा, हे सांगणारी माणसंही आता विदर्भात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस या संस्थेत गेले. त्यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनचं काम यवतमाळहून सुरू झालं, आणि घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना ही संस्था मार्ग दाखवते. कोणत्याही एजंटला पैसे मोजण्याआधी अशा ठिकाणी विचारावं.

शिष्यवृत्ती मिळाली तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरकारी पैशाचा हप्ता उशिरा येऊ शकतो, घरमालक मात्र भाड्यासाठी महिनाभर थांबत नाही. दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळी काढूनच निघावं.

ही रक्कम का लागते, ते जर्मनीच्या उदाहरणाने नीट कळेल. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, म्हणून नागपूरकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा ओढा तिकडे आहे. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, हे यादी करताना तपासावं.) व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे पैसे आधी भरून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. आता पोहोचल्यानंतरचा क्रम पाहा. हे पैसे हातात येण्यासाठी सहसा तिथलं बँक खातं लागतं. खात्यासाठी बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. ती नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात करायची असते, आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणजे खोली पक्की होईपर्यंत स्वतःचेच पैसे स्वतःला मिळत नाहीत. त्यात खोलीची अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. हे माहीत नसलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रात्री-अपरात्री घरी फोन करतो, आणि इकडे आई-वडिलांची झोप उडते. माहीत असलेला फॉरेक्स कार्डावर पैसे घेऊन उतरतो.

जर्मनीत भाडं सांगताना दोन शब्द वापरतात, ‘काल्ट’ आणि ‘वार्म’. काल्ट म्हणजे नुसत्या खोलीचं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. जाहिरातीतला आकडा कोणता, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये. ९९२ युरोंतून विद्यार्थ्याचा आरोग्य विमा सुमारे १४० युरो घेऊन जातो. प्रत्येक घराला भरावी लागणारी रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो आहे. चौघे एकत्र राहत असतील तर ती चौघांत वाटली जाते. विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहात, म्हणजे ‘श्टुडिरेंडनवेर्क’च्या खोलीत, जागा मिळाली तर महिना सुखाने निघतो. म्युनिकसारख्या शहरात खासगी खोली घेतली तर निघत नाही. त्या वसतिगृहाची प्रतीक्षा यादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी तिथे अर्ज टाकावा.

इंग्लंडमध्ये नियम वेगळे. तिथे घरमालकाला वार्षिक भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, आणि घेतलेली रक्कम ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. त्याची पावती मागून घ्यावी. खोली प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पाहिल्याशिवाय, करारनामा वाचल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं सांगणारा मालक म्हणजे फसवणूक, हे धरूनच चालावं.

कामाबद्दल घरात फार गैरसमज असतात. ‘तिकडे पार्ट टाइम करून खर्च निघतो’ हे वाक्य गावागावांत ऐकू येतं, आणि त्याच्या भरवशावर कर्जाची रक्कम कमी धरली जाते. इंग्लंडमध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवर, तेही २० तासांपर्यंतच. या कमाईतून किराणा आणि बसभाडं निघेल. विद्यापीठाचं शुल्क निघणार नाही. ते निघावं म्हणून मुलगा रोख पैशांवर जास्तीचे तास करू लागला, तर व्हिसाच जाऊ शकतो.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, आणि जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या बहुतेक ॲपवर रायडर स्वयंरोजगारितच धरला जातो. दुसऱ्याच्या नावाचं खातं भाड्याने घेऊन सायकल दामटणारी मुलं त्या नियमात अडकतात. ओळखीच्या कोणी ‘सगळेच करतात’ असं सांगितलं तरी त्या वाटेला जाऊ नये. विद्यापीठाचं वाचनालय, कँटीन, प्रयोगशाळा, वसतिगृहाचा स्वागत कक्ष, इथली कामं आधी शोधावीत. तिथले तास अभ्यासाच्या वेळापत्रकाशी जुळतात, आणि भाषाही सुधारते.

कष्टाचं काम कमीपणाचं नाही, हे विदर्भाला नव्याने सांगायला नको. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले ते मिळेल ती मजुरी करत. पुढे मेक्सिकोत मक्यावरच्या संशोधनामुळे त्यांचं नाव झालं. फरक इतकाच, की आज नियम कडक आहेत आणि प्रत्येक तासाची नोंद कुठेतरी होते.

आता जेवण. मुलगा असो की मुलगी, निघण्याआधी सहा महिने घरातला एक वेळचा स्वयंपाक तिच्या-त्याच्या हाती द्यावा. वरण, भात, पोळी, पिठलं आणि एक आलूची रस्सा भाजी, एवढं हात न थरथरता जमलं की परदेशातला निम्मा खर्च ताब्यात येतो. बाहेरचं एक जेवण तिथे आठवड्याच्या तांदूळ-डाळीइतक्या पैशात पडतं. जर्मनीत विद्यापीठाची मेस, म्हणजे ‘मेन्झा’, स्वस्त आणि चांगली असते. दुपारचं जेवण तिथे, रात्रीचं खोलीवर, ही विभागणी बऱ्याच जणांना मानवते.

सोबत काय न्यावं यावरून निघायच्या आधीच्या आठवड्यात घरात मोठी चर्चा होते. आईला तुपाची बरणी आणि पेढे द्यायचे असतात. पण युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे विमानतळावरच काढून घेतले जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना भरायच्या कार्डावर लिहून द्यावी लागते, लपवली तर मोठा दंड होतो. काळा मसाला, तिखट, हळद, पापड, कोरडी चटणी चालते, तीही बंद पाकिटात आणि वर नाव लिहिलेली. कुकर सपाट बुडाचा आणि इंडक्शनवर चालणारा घ्यावा. मिक्सरचं मात्र देश पाहून ठरवावं. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट चालत नाही. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत, मोठ्या सामानात कधीच नाही.

मिरचीची फोडणीही वेगळी द्यावी लागते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धुराची सूचना देणारं यंत्र छताला असतं, आणि तेलात मिरची तडतडली की ते वाजतं. संपूर्ण इमारत रिकामी करावी लागते, काही ठिकाणी अग्निशमन दलाचा खर्च विद्यार्थ्याकडून वसूल होतो. खिडकी उघडी, चिमणी चालू, आच मंद आणि कढईवर झाकण, ही सवय इथूनच लावून घ्यावी.

शेजाराचे नियमही असेच रोजचे. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळतात, रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत किराणा भरावा. कचरा कागद, प्लास्टिक, ओला आणि उरलेला असा वेगळा करतात. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंटची अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते.

थंडीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण ती नुसती अंगाला बोचत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या मुलाला स्वेटर किती घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. अंधाराबद्दल कोणी सांगत नाही. डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. वर्गातून बाहेर पडावं तर रात्र. दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, झोप बिघडते, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि मुलाला वाटतं आपणच कमी पडतोय. हा काळोखाचा परिणाम आहे, आणि तिथल्या लोकांवरही तो होतो. दुपारी अर्धा तास बाहेर चालणं, रोज ठरल्या वेळी उठणं, डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व घेणं, याने फरक पडतो. तरी मन उचलत नसेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावं. ती सेवा बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि तिचा गुणपत्रिकेशी काही संबंध नसतो.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात १८८३ मध्ये गेलेल्या आनंदीबाई जोशींच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, विझवावी तर थंडी. शाकाहारी जेवणाचे हाल होतेच. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षांच्याही होण्याआधी, क्षयाने गेल्या. खोली उबदार आहे ना, बाळ जेवतंय ना, हे घरच्यांचे प्रश्न म्हणूनच मोलाचे आहेत. मुलांनी त्यांची खरी उत्तरं द्यावीत.

दवाखान्याचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये पोहोचताच जवळच्या ‘जीपी’कडे नाव नोंदवावं, आजारी पडायची वाट पाहू नये. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यामुळे तपासणीचे पैसे पडत नाहीत. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह न्यावी. दात आणि चष्मा यांचं काम नागपुरातच उरकून घ्यावं, तिकडे ते महाग पडतं.

वर्गातलं वातावरण वेगळं असतं. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यात अनादर नसतो. प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. नोट्स जशाच्या तशा उतरवणं ही तिथे चोरी ठरते. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर ते कोणाचं हे लिहावंच लागतं, आणि एआयचा वापर कुठवर चालतो हे प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला विचारून घ्यावं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना लिहिण्यापेक्षा ऐकणं जड जातं, कारण प्रत्येकाचा उच्चार निराळा. त्या शहरातल्या रेडिओ केंद्राचे कार्यक्रम मोबाइलवर निघायच्या आधी काही महिने रोज ऐकले, तर कान तयार होतो. निकाल लागल्यावर घरच्यांनी घाबरू नये म्हणून हेही सांगून ठेवावं, की इंग्लंडमध्ये ७० गुण म्हणजे अव्वल श्रेणी, आणि जर्मनीत १.० सर्वांत चांगला, ४.० म्हणजे जेमतेम पास.

वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जिया, किर्गिझस्तान, रशिया अशा देशांत जाणाऱ्यांनी २०२१ चे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम पाठच करावेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक जरी चुकलं तरी परत आल्यावर इथे परवाना मिळत नाही. शिकवणं इंग्रजीत असलं तरी रुग्ण स्थानिक भाषेतच बोलतात, म्हणून ती भाषा पहिल्या वर्षापासून शिकावी.

राहिला फोन. पारशिवनीत रात्री नऊ वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर बदलतात. रविवारी सगळ्यांनी मिळून सावकाश बोलावं, एरवी दिवसाला एक छोटा निरोप पुरे. रोज तासभर व्हिडिओ कॉल झाला तर मुलगा मनाने गावातच राहतो, आणि आठ-आठ दिवस बोलणं झालं नाही तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. मराठी माणसं सगळीकडे आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. गणपतीला तिथे गेलं की ओळखी होतात, आणि अडचणीत रात्री फोन करता येईल असं एखादं घर मिळतं.

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव, पत्ता आणि फोन नोंदवावा. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’त विद्यार्थ्यांना परत आणलं, तेव्हा कोण कुठे आहे हे कळणं किती मोलाचं असतं ते देशाने पाहिलं. घरी भिंतीवर एक कागद चिकटवावा. त्यावर मुलाचा पत्ता, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा फोन, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन, एका मित्राचा आणि घरमालकाचा फोन, विम्याचा क्रमांक. पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांच्या प्रती दोन्हीकडे असाव्यात.

आणि मुलाच्या पासपोर्टसोबतच आई किंवा वडील यांपैकी एकाचा तरी पासपोर्ट नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून काढून घ्यावा. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची नावं, जन्मतारखा जुळत नसतील तर त्या दुरुस्तीला वेळ लागतो. मूल तिकडे रुग्णालयात असताना तो वेळ हाताशी नसतो.